फोन धरणारा हात

हैदराबाद

सौ. मंजूले, खुशालची बहुत याद.

रोज व्हिडिओ कॉल होते, मंग चिठ्ठी काऊन, असं म्हणशील. कॉलवर माय, बाबा, शेजारची सुमनकाकू, सारेच राहतात. तिथं तुले काय बोलू?

मी बरा हाव. गोदामातली ड्युटी लंबी हाये. खोलीवर आलो का रील पाहता पाहताच झोप लागते. जेवण भेटते, पण भाताले आपल्या केशोरीच्या तांदळाचा वास नाही.

परवा तू फोनवर आपल्या गावची मंडई दाखवली, दिवाळीनंतरची जत्रा. घरी आलेले पाहुणे, जिलेबीची दुकानं, नाटकाचा मंडप. खोलीतले पोरं म्हणाले, "खुशाल, तुझी तर इथंच मंडई झाली." मलेही तसंच वाटलं. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, त्यात तू कुठंच नव्हती.

पोळ्यापासून असंच होऊन राहिलं. फोन तूच धरते. मले तुझा आंगठा दिसते, बांगड्याईचा आवाज येते. परवा फोनमागून खोकला आला, फोन हालला. मी विचारलं, तर मायच बोलली, "काही नाही, धूळ गेली." तू दवाखान्यात गेली होती का? धानाची कापणी एकटीच करून राहिली का?

बाबाचे गुडघे कसे हायेत?

रविवारी फोन आपल्या प्रेरणाच्या हाती देजो आन् तू समोर बसजो. पोरगी धरते बरोबर. साऱ्याईसमोर बोलणं होत नसन तर नको बोलू. खोकला आला तर मात्र दाबू नको.

तुझाच,
खुशाल