टाकीजवळचा डबा

धायरी, गुरुवार

प्रिय ऋषी,

तुझा जाडजूड प्रबंध सोमवारी पोचला. वाघोलीहून धायरीला आणून द्यायला तुला डिलिव्हरीवाला मिळाला, याचं कौतुक वाटलं. तू स्वतः कसा येणार, मध्ये अख्खं पुणं पडतं. हे सगळं फोनवरच बोलले असते, पण माझा फोन आला की तू नेमका मीटिंगमध्ये असतोस आणि मेसेज टाकायला सांगतोस. मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

डॉक्टर झालास, अभिनंदन. रागात असले तरी हे खोटं नाही. अर्पणपत्रिका आबांना वाचून दाखवली. झटका आल्यापासून त्यांना बोलता येत नाही, उजवं अंग गेलं आहे, पण कळतं सगळं. डाव्या हाताचं बोट त्यांनी तुझ्या नावावरून तीनदा फिरवलं. मग मी आभाराचं पान उघडलं. तुझे गाईड, कॉलेजचे विश्वस्त, बायको म्हणून अक्षता, आणि अगदी शेवटी ‘स्थानिक सहकार्याबद्दल कुटुंबीय’. स्थानिक सहकार्य म्हणजे मी. पुस्तक मिटलं आणि चहा ठेवला.

आपल्या उरलेल्या वीस गुंठ्यांत तू अकरा पांढरे डबे रोवले होतेस. प्रत्येकात जमिनीतली ओल मोजणारा सेन्सर आणि दोन सेल. मेथीच्या वाफ्यात उकिडवा बसून तू मला समजावलं होतंस, की लांबच्या डब्याने थेट घरापर्यंत माहिती पाठवली तर त्याचे सेल लगेच संपतात. म्हणून तो शेजारच्या डब्याला सांगतो, तो पुढच्याला, आणि शेवटी टाकीजवळचा डबा सगळ्यांचं गोळा करून घरातल्या कॉम्प्युटरला देतो. मग तू वाघोलीला गेलास आणि सेल बदलायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण लग्न होऊन मी गेले ती दोन गल्ल्या पलीकडेच. दर तीन आठवड्यांनी टाकीजवळचाच डबा बंद. बाकीचे दहा ठणठणीत. हाच का रे दर वेळी मरतो, असं मीच तुला विचारलं होतं.

तुझं तिसरं प्रकरण तेच आहे. जो घराच्या सर्वांत जवळ, त्याच्यावर सगळ्यांचा भार येतो आणि तोच आधी संपतो. त्यावर तुझा उपाय असा, की हे काम एकाच डब्याच्या माथी मारायचं नाही, प्रत्येकाने आळीपाळीने करायचं. आलेखबिलेख काढून तू सिद्ध केलंस की त्याने सगळेच जास्त टिकतात. परीक्षकांनी वाहवा केली म्हणे. डब्यांच्या बाबतीत इतका विचार करणाऱ्या माणसाला आळीपाळी हा शब्द घरी कधी सुचला नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

आबांना झटका येऊन येत्या महिन्यात अडीच वर्षं होतील. तू जवळ आहेस ना ताई, एवढंच तेव्हा तू म्हणालास आणि विषय संपला. मी बालवाडी सोडली. सकाळी त्यांचं सगळं आवरायचं, कूस बदलायची, पाठ बघायची, भरवायचं. दहा वाजता कात्रजच्या आत्याचा फोन, दुपारी चुलतभावांचा, रविवारी तुझा. सगळ्यांना आबांची खबर माझ्याकडून हवी असते आणि माझी कुणालाच नको असते. तुझ्या घरी तीन खोल्या, लिफ्ट, आणि त्यातली एक खोली तुझी ‘स्टडी’. पण आबांना तिथे करमणार नाही, असं तू म्हणतोस. इथे काय करमतं रे त्यांना? कॉटसमोरची भिंत? अक्षताला मी बोल लावत नाही, तिला तू विचारलंच नसशील.

आणखी एक. सुरुवातीला सेल संपत आले की डबा तशी सूचना पाठवायचा. तेवढ्या सूचनेलाही वीज लागते, म्हणून तू ती काढून टाकलीस. मग डबे न सांगताच बंद पडायचे आणि मी वाफ्यावाफ्यातून शोधत हिंडायचे. तेव्हा मी तुला फाडफाड बोलले होते. आणि नंतर मी स्वतः काय केलं? अडीच वर्षं तुला रविवारी सगळं ठीक आहे म्हणून सांगत राहिले. तो मूर्खपणा माझाच.

परवा, मंगळवारी दुपारी, आबांना मऊ भात भरवत होते. त्यांनी तिसऱ्यांदा घास माझ्या अंगावर थुंकला आणि मी त्यांना मारलं. डाव्या हातावर, त्या एकाच चांगल्या हातावर, चमच्याने, जोरात. ऋषी, आपल्यावर कधी बोट न उगारलेल्या बापाला मी मारलं, आणि पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. त्यांना ओरडता आलं नाही. त्यांनी हात पांघरुणाखाली लपवला आणि तोंड उघडलं. उरलेले सगळे घास मुकाट गिळले. हे मी इंद्रजीतलाही सांगितलेलं नाही, नवरा असून. तुला सांगते आहे, कारण माझा हात पुन्हा उठणार नाही याची मला खात्री देता येत नाही. रविवारी अकरा वाजता मी आबांना घेऊन येते. स्टडी रिकामी कर. चार महिने तुझे, मग चार माझे, यात विचारायचं काही नाही. औषधं मागच्या पानावर लिहिली आहेत. घास छोटा घे, डाव्या गालाकडून भरव. थुंकले तर थांब. स्वतःच्या हाताने तोंड पुसतात आणि पुन्हा खायला लागतात. मला ते माहीत होतं, तरी मी थांबले नाही.

तुझीच,
तनुजाताई