दूध-जिलबी

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, म्हणजे आपलं जमलं. सूनबाई लिहितीय. तिची पोरगी, माझी नात, आतल्या खोलीत दार-खिडक्या लावून पडलीय. अर्धशिशी. लहानपणी मला होती तीच. तुझ्याकडून दागिना काही आला नाही, हे मात्र न चुकता पोचलं.

सोनारीच्या जत्रेत तुला कुणीतरी सांगितलं होतं, दिस उगवायच्या आत दूध-जिलबी खायला घाल, पोरीचं डोकं उठणार नाही. जिलबी आपल्याला जत्रेतच दिसायची. तरी माझं डोकं उठलं की तू अंधारात वाटी ओठाला लावतेस, "डोळं उघडू नगं, उजेड लागंल. जिलबी हाय, खा." मी खाते.

नातीला सोलापूरच्या डॉक्टरनं महिन्याला एक इंजेक्शन लावलं. दिवाळीपर्यंत पोरगी हसत नळदुर्गच्या शाळेत शिकवायला जात होती. मग परवडेना. आता शाळावाले म्हणतात, आणखी रजा घेतली तर दुसरी बाई बघू.

मी डॉक्टरला विचारलं, "ह्याचंच स्वस्तातलं न्हाय का? माझी बीपीची गोळी मिळती की, नाव दुसरं, औषध तेच."

"आजी, गोळीची नक्कल सोपी. हे जिवंत पेशींत तयार होतं. हुबेहूब तेच करता येत नाही, त्याच्यासारखं करतात. आणि तपासलेलं 'सारखं' चांगलंच असतं, त्याला नावं ठेवू नका."

"मी कशाला ठेवीन? सारख्यावरच वाढले मी. द्या की मग."

"ह्या इंजेक्शनचं 'सारखं' अजून आपल्याकडं आलं नाही." त्यानं जुन्या, स्वस्तातल्या गोळ्या लिहून दिल्या. त्या खाऊन पोरगी फळ्यासमोर पेंगते, आणि डोकं उठायचं तेव्हा उठतंच.

आज पहाटेही उठलं. मी दुधात गूळ विरघळवला, चपातीचा तुकडा बुडवला आणि वाटी तिच्या ओठाला लावली. "डोळं उघडू नगं. जिलबी हाय."

तिनं खाल्लं. "लई गोड हाय गं, आजी," म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड केलं. गुळानं दुखणं थांबत नसतं. माझंही कुठं थांबलं होतं?

मीही तुला तेच म्हणायची, माय. लई गोड हाय. वाटीत गूळ असायचा, हे मला पहिल्या घासालाच कळायचं. आज वाटतं, मला कळतं हे तुलाही ठाऊक असणार.

सूनबाई विचारतीय, पत्ता काय घालू. म्हटलं, फडताळात ठेव, आणि पोरीच्या हाती लागू देऊ नको. उद्या पहाटे परत जिलबी करायचीय.