विहीणबाई, भांडण अर्धं राहिलं

भांडण अर्ध्यावर टाकून जायची ही कुठली रीत? चांगलं दोन-तीन दिवस माझ्याशी तोंड वाजवलंत, रुसून निलंग्याकडं आपल्या गावाला गेलात, आणि त्याच आठवड्यात भूकंपानं घर अंगावर आलं. आता मी भांडू कोणाशी?

सरूबाई विहीणबाई, नमस्कार. तिसरीतली अक्षरं आहेत, लावून वाचा. परवा आपल्या नातीला घेऊन हैदराबादला निघायचंय, म्हणून लिहायला बसले.

चिमी सात महिन्यांची झाली, पण उचलली तर हातात वजन लागत नाही. दूध ओढताना दमते, कपाळ घामानं भिजतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या आतल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. छाती उघडून ठिगळ लावायचं. लांबवलं तर फुप्फुसं खराब होतील, मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही.

आणि तुम्ही? जाताना लेकीचा, सुनंदाचा हात लेकराच्या डोक्यावर ठेवून वदवून घेतलंत, "चाकू लावायला मी लेकरू देणार न्हाई." अहो, जन्मभर वाकळा शिवल्या तुम्ही! टाका न उसवता आतून ठिगळ लावलंय कधी?

मी तेव्हा मनावर घेतलं नाही. म्हटलं, दिवाळीला येतील, चिमीला लागलेला दम बघतील, आपणच म्हणतील, "न्या बाई लवकर." दरवेळी असंच तर व्हायचं तुमचं! लग्नात मानाच्या साडीवरून लई रुसलात, अन् तीच साडी नेसून बारशाला आलात. या वेळी मेलात म्हणून जिंकलात.

सुनंदा काल म्हणाली, "आत्याबाई, मलाबी करावं वाटतंय. पण आईला दिलेला शब्द सोडवून कोण देणार? आईच न्हाई."

आमच्या खोल्यांत डॉक्टर व्हायला आलेली क्लासची पोरं भाड्यानं राहतात. डब्याच्या पोळ्या मीच लाटते त्यांच्या. ती डॉक्टर होईपर्यंत चिमी थांबायची नाही.

तर ऐका. कागदावर सही माझा लेक करील. ऑपरेशनच्या दाराशी सुनंदाच्या मांडीवरून चिमीला मी उचलणार, तिला विचारणार नाही. तिनं दिली नाही, मी नेली. तुमच्या लेकीचा शब्द शाबूत.

पुढं बरं होवो का वाईट, जाब मला विचारायचा. सुनंदाच्या स्वप्नातसुद्धा जायचं नाही. उत्तर मी देणार.

तुमची विहीण,
गोदाबाई, लातूर