पुढच्या बाकावरून

अप्पा, तुमच्या कॅसेटमधली तडतड शेवटी गेली. म्हणजे ती कॅसेटमध्ये नव्हतीच. आई लातूरचं घर आवरून माझ्याकडं नांदेडला राहायला आली, तेव्हा भांड्यांच्या पोत्यात तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या तुमच्या कॅसेटी निघाल्या. बहुतेकांना बुरशी धरलेली. एकच धड वाजली, तिच्यावर तुमच्या तिरप्या अक्षरात 'गती' एवढंच लिहिलेलं. मी इथं एका मोठ्या कोचिंग क्लासच्या रेकॉर्डिंग खोलीत काम करते. सर लोक कॅमेऱ्यासमोर शिकवतात आणि मी त्यांचा आवाज साफ करते. खोकला काढते, श्वास काढते, प्रश्न विचारून ते थांबले की ती मधली शांतता कापून टाकते, कारण पोरांना थांबायला वेळ नसतो. तेव्हा तुमची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेणं मला अवघड नव्हतं. चांगल्यातल्या चांगल्या दर्जाची फाईल केली, आणि ती नीट ऐकता यावी म्हणून ऑफिसातला बाहेरून जोडायचा कन्व्हर्टर घरी आणला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते. फाईलमधल्या आकड्यांचा परत आवाज करते, आणि कॉम्प्युटर स्वतः करतो त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ करते.

रविवारी दुपारी हेडफोन लावला, तर गरम तेलात मोहरी पडावी तशी तडतड. टेप खराब झाली असेल असं वाटलं. पण परत लावलं तर तडतड दुसऱ्याच जागी, तिसऱ्यांदा आणखी तिसरीकडं. आमच्या कामातला हा पहिला धडा आहे, अप्पा: जागा बदलणारा आवाज यंत्राचा असतो, एकाच जागी येणारा आवाज फाईलचा. मी वायर बदलली. मधला जोड काढून डबी सरळ कॉम्प्युटरला लावली. तडतड कमी झाली, पण तुमचा आवाज जड आणि संथ येऊ लागला, जणू तुम्ही इतकी वर्षं त्या टेपमध्ये म्हातारे होत राहिला होतात. मग कळलं की फाईलमध्ये सेकंदाला जितके आकडे होते, त्यापेक्षा कमी दरावर कन्व्हर्टर अडकला होता. दोन्ही जुळवले आणि तुम्ही एकदम तरुण झालात, माझ्यापेक्षा लहान. मागं एक बारीक घुमणं राहिलं होतं, ते लॅपटॉपचा चार्जर काढल्याबरोबर थांबलं. आता काहीच उरलं नव्हतं. तुमचा आवाज, फळ्यावर खडू, आणि तुम्ही प्रश्न विचारून थांबता तेव्हाची शांतता.

ती शांतता माझ्या ओळखीची आहे. आपल्या घराची पुढची खोली, तिथली तुमची फिजिक्सची शिकवणी, तुम्ही सुताराकडून करून घेतलेले बाक, आतल्या दाराशी बसून ऐकणारी मी. पोरं सकाळच्या एसटीनं औश्याच्या पलीकडून येतात, चपला ओसरीत काढतात. पुढच्या बाकावर त्या गावांतलीच पोरं, त्यांत एक मुलगी, घोगऱ्या आवाजाची, शब्द संपायच्या आत 'सर' जोडणारी. ती न जेवता निघायची म्हणून आई शिकवणी सुटली की तिला स्वयंपाकघरात बसवून भाकरी वाढायची. गणपती बुडवायला म्हणून ती पोरं गावाला गेली, आणि विसर्जन झालं त्याच रात्री, पहाटे भूकंप झाला. पुढचे कित्येक दिवस सगळं लातूर रस्त्यावर झोपत होतं. तुम्ही ट्रकमध्ये बसून तिकडं गेलात आणि परत आल्यावर हातपाय न धुता ओसरीतच बसून राहिलात. आईनं विचारलं, "कोण भेटलं का?" तुम्ही नाही म्हणून मान हलवली.

शिकवणी परत सुरू झाली तेव्हा पुढचा बाक तुम्ही कुणाला दिला नाही. प्रश्न मात्र त्या बाकाकडं बघून विचारायचात. थांबायचात. मग म्हणायचात, "बरोबर. बस." मागं बसलेली पोरं एकमेकांकडं बघायची. एका मुलाचे वडील येऊन उभ्या उभ्या म्हणाले, "सर, राग मानू नका, पण पोरगं भ्यायलंय. आम्ही त्याला त्या नव्या क्लासला टाकायलोत." तेव्हा गावात क्लास निघायला लागलेच होते. लातूरच्या निकालाचं नाव झालं, बाहेरगावची पोरं खोल्या करून राहू लागली, आपल्याच गल्लीत दोन मेस उघडल्या, आणि आपल्या ओसरीत एकही चप्पल उरली नाही. मग तुम्ही टेपरेकॉर्डर समोर ठेवून शिकवू लागलात. भूकंपात घर गेलेल्या, पत्र्याच्या शेडमधल्या पोरांसाठी कॅसेटी करायलोय, असं सांगायचात. नव्या कॅसेटी मिळत नव्हत्या असं नाही, पण तुम्ही जुन्याच घेतल्या. गल्लीतले लोक म्हणायचे, मास्तरचं डोकं फिरलं. मला ते खरं वाटायचं आणि शाळेत कुणी विचारू नये म्हणून मी लांबच्या रस्त्यानं घरी यायचे. तुम्ही गेलात तेव्हाही मला कळलं नव्हतं, तुम्ही नेमके कुणाशी बोलत होता.

तर त्या रविवारी सगळं साफ झाल्यावर तुम्ही म्हणालात, "चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यांत वर पोचला त्या क्षणी त्याचा वेग किती?" थांबलात. आणि त्या थांबण्यात, फार खालून, कुणीतरी भिंतीला तोंड लावून बोलावं तसं आलं, "शून्यसर." मग तुमचं, "बरोबर. बस."

मी वायर बदलली. दुसरा हेडफोन लावला. कन्व्हर्टर काढून फोनवर ऐकलं, आवाज वाढवला. त्याच जागी, तसंच. म्हणजे यंत्राचं काही नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं आणि जीव भांड्यात पडला. जुन्या टेपरेकॉर्डरचं पुसायचं टोक झिजलं की आधीचं रेकॉर्डिंग पूर्ण पुसलं जात नाही, नव्याच्या खाली त्याची सावली राहते. भूकंपाआधी तुम्ही याच धड्याचा वर्ग रेकॉर्ड केला असणार, आणि नंतर त्याच कॅसेटवर परत शिकवलंत. शोधलं तर इतर ठिकाणीही सापडलं: तुमच्या बोलण्याखाली अर्धवट हसू, बाक सरकल्याचा आवाज, एसटीचा हॉर्न. सगळं इकडंतिकडं, कशाचा कशाला मेळ नाही. फक्त ते एक उत्तर बरोबर त्या थांबण्यात येऊन बसलं होतं. होतो असा योगायोग, असं मी स्वतःला म्हणाले.

आई मागं येऊन उभी होती. "काय ऐकायलीस गं दुपारधरनं?" मी हेडफोन तिच्या कानाला लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं. तुमच्या आवाजाला रडेल असं वाटलं होतं, पण ती रडली नाही. ते उत्तर आलं तेव्हा तिच्या तोंडून आपसूक त्या मुलीचं नाव निघालं, घरात कितीतरी वर्षांत कुणी न घेतलेलं. मी तिला समजावून सांगितलं, जुनं रेकॉर्डिंग कसं खाली राहतं, पुसायचं टोक कसं झिजतं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"आसंल," ती म्हणाली. "तू शिकलीस त्यातलं. पर तवा तर टेप नुसती भरून घेत व्हती की. वाजत कुटं व्हती?"

"म्हणजे?"

"खोली रिकामी झाल्यावरबी मी आत भाकरी थापायचे न्हाई का. तुझे अप्पा इचारायचे, अन् ती सांगायची. मला आतून ऐकू यायचं."

"आई, तू हे कुणाला बोलली का नाहीस?"

"काय सांगू? लोक त्यास्नी येडं म्हणायलेत, त्यात अजून मी?" तिनं हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "ती गप झाली का मी ताट वाढून ठिवायचे. कुणी येत नव्हतं. पर वाढायचे." आणि ती कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

तेव्हापासून तिनं कॅसेटचा विषय काढलेला नाही, मीही नाही. डबी ऑफिसात परत नेऊन ठेवायची आहे, रोज विसरते. हे पत्र टाकायला पेटी नाही आणि आईला वाचून दाखवायचा धीर नाही, म्हणून ते इथंच राहील. एक मात्र सांगते. काल आई देवळात गेली होती तेव्हा मी परत ऐकायला बसले. तुमचा पुढचा प्रश्न आला, "आणि त्या क्षणी त्वरण किती?" तिथं टेपवर खाली काहीच नाही, मी दहादा तपासलंय, निव्वळ शांतता आहे. तुम्ही थांबलात. माझ्या तोंडून गेलं, "तेही शून्य, सर." चूक उत्तर होतं, नंतर पुस्तकात बघितलं; फिजिक्स मला कधीच आलं नाही. तुम्ही म्हणालात, "बरोबर. बस." आणि मी बसले. उभी कधी राहिले होते, ते मला आठवत नाही.