तेवीस फेब्रुवारीची पाटी

चि. आर्सेनी, म्हणजे माझ्या सेन्यास, थोरल्या ताईचे, म्हणजे कापितोलीनाचे, आशीर्वाद. (खांदा धरलाय, तरी हात तुझ्यासाठी उचललाय, याची जाण ठेव.) रक्तदाब कसा आहे? डॉक्टरनं खारवलेली काकडी बंद केली आहे आणि तू ती बायकोच्या पाठीमागे खातोस, हे मला इथं कामा नदीच्या काठावर बसून दिसतं. आमची नदी अजून गोठलेलीच आहे. मीही तशीच.

यंदा मला सत्तर पूर्ण होतात. तुला आठवत असेल असं नाही, कुणालाच आठवत नाही. आईला मी झाले तीच मुळी तेवीस फेब्रुवारीला, सैन्याच्या दिवशी, जेव्हा साऱ्या देशातल्या बाया पुरुषांना मोजे देत सुटतात. बाबा म्हणायचे, "थांब की गं जरा, आठ मार्चला सगळ्या बायकांचा दिवस येतोच आहे, त्यातच तुझंही उरकून टाकू." टाकलंच उरकून! शाळेत माझ्या वाढदिवसाला मी वर्गातल्या पोरांना पेन्सिली वाटल्या, कारखान्यात मुकादमाला दाढीचा साबण दिला, आणि लग्नानंतर वेनियामिनला दरवर्षी मोजे. (एखाद्या गोमेला पुरून उरले असते.) चार दिवस आधी करावा वाढदिवस, तर तेही नाही, वेळेआधी केला की मरणाला आवतण, असं आईनंच डोक्यात भरवलेलं.

त्यात दुष्काळात तेरावा महिना. सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस तुझ्यासमोरच झाला. तुम्ही सगळे पुरुष सकाळपासून पायदळाच्या नावानं प्यालात, मग आरमाराच्या, मग तोफखान्याच्या. शेवटी आमचे हे उठले, ग्लास उचलला, म्हणाले, "आता माझ्या लाडक्या..." आणि बटाट्याच्या सॅलडवर कोसळले ते कोसळलेच. सेन्या, उभ्या संसारात हा माणूस माझ्या नावानं कधी उभा राहिला नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होते आणि ते माझ्याकडेच बघत होते. (दाराशेजारी टीव्ही होता, त्यात रणगाडे चालले होते, हे मला ठाऊक आहे. तू सांगायची गरज नाही.)

नणंदबाई रिम्मा म्हणते, पुढचा शब्द "मातृभूमी" होता. ही तेव्हा न्हाणीघरात होती! पण तेव्हापासून तो दिवस तिचा. घरभर नातेवाईक येतात, ग्लासाला ग्लास लावायचा नाही, हसायचं नाही, आणि फुलं आणतात ती सम, मेलेल्या माणसाला देतात तशी. दारात मीच घेते ती. माझ्या वाढदिवसाला, माझ्याच हातात, चार-चार, सहा-सहा! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. वेनियामिननं सैन्यात दोन वर्षं बटाटे सोलले आणि पुढं जन्मभर पावाची गाडी चालवली. रिम्माच्या तोंडी आता त्यानं सरहद्द राखली आहे.

यंदा तर तिनं माजी सैनिकांच्या मंडळाला पटवलं. आमच्या इमारतीच्या दाराशी दगडी पाटी बसतेय, "मातृभूमीचं नाव ओठांवर घेऊन गेला" अशी. तेवीस तारखेलाच, आणि पडदा विधवेनं ओढायचा. मी म्हटलं, अगं, त्या दिवशी मला सत्तर होतात. तर म्हणते, "वहिनी, वाढदिवस काय दरवर्षी येतो, पाटी एकदाच बसते. आणि या वयात कसली गं हौस?" मी तिला चहा दिला. साखर घातली नाही.

असो. माझं काही म्हणणं नाही. त्या दिवशी मी पॅनकेक भाजीन, पडदा ओढीन, रडायचं तिथं रडेन. थंडीत कानटोपीशिवाय हिंडू नकोस. वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी ताई,
कापा

ता. क. तू ये. फुलं तीन आण, पाच आण, नाहीतर एकच आण, पण विषम आण. फुलवालीनं विचारलं कुणासाठी, तर सांग, जिवंत बाईसाठी.

आणखी एक. हे गेले त्या दिवशी त्यांच्या शेजारी तूच बसला होतास. पाटीवरचा पडदा पडला की सगळ्यांसमोर ग्लास उचल आणि त्यांचं वाक्य पुरं कर. माझं नाव घे, आणि माझ्या ग्लासाला तुझा ग्लास वाजव.

आणि हे शेवटचं. पडता पडता ते खरंच "मातृभूमी" पुटपुटले असतील आणि तू ते ऐकलं असशील, तर मला सांगू नकोस. उभा राहा, आणि खोटं बोल.