डॉक्टरांना दिलेलं उत्तर

सुमंत,
पोहे झाकून ठेवलेत, तर्री गरम करून घे.

परवा मी महाल भागातल्या मनोविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. ग्रंथालयातल्या पुस्तकात नैराश्याची लक्षणं वाचली, ती तुझीच वाटली. झोप नाही, अंघोळीचा कंटाळा, तबल्याला महिनोन्‌महिने हात नाही. तुला विचारायचा धीर झाला नाही, म्हणून डॉक्टरांना ती माझीच म्हणून सांगितली. त्यांनी विचारलं, "काका, जीव नकोसा वाटते काय?" मी पटकन नाही म्हणालो. घरी आल्यावर कळलं, ते उत्तर माझं होतं. तुझं मला माहीत नाही.

आज तुझ्या नावानं नंबर लावायला जातो. दहाला ऑटो घेऊन येतो. माझं चुकलं असेल तर वाटेत रागव.

तोवर खोलीला आतून कडी मात्र लावू नकोस.

बाबा