गोड्या पाण्यातल्या तिसऱ्या

१५ मार्च १९३४

अमावास्या. आमच्या खाडीला आज मोठी ओहोटी — आणि उतरायला खाजणाचा चिखलच नाही!

खोताने बांध घातला. भात पिकवणार म्हणे. भरतीचं पाणी आत येईना, चिखल तडकला, आतलं सगळं मेलं. तिसऱ्या काढणाऱ्या बायका खडी फोडायला गेल्या. अम्मा काल माझ्याकडे आली, कायमची. गावचे रहेमानचाचा नाशिकपर्यंत पोचवून गेले. कपड्यांचं गाठोडं एवढंसं, आणि ओल्या गोणपाटात बांधलेला बांबूचा भला मोठा हारा!

हाऱ्यात चिखल. चिखलात तिसऱ्या, खुबे, दगडाला घट्ट चिकटलेली कालवं. वाळूतलं, गाळातलं, खडकावरचं — जे जितं सापडलं ते. सगळी नखाएवढी पिल्लं. मी वेडी, मसाला वाटायला बसले!

‘खायला नाय आणलीत गो आबिदा. पिल्लू आपण परत चिखलात ठेवतो. तिथं चिखल नाय उरला. तुझ्याकडं नदी हाय ना?’

१६ मार्च

घाटाच्या खालच्या अंगाला भागुबाई माळीण मेथीच्या जुड्या धुते, तिथेच अम्मा गुडघाभर पाण्यात उतरली. एकेक पिल्लू बोटाने गाळात रोवत होती, भाताच्या आवणात रोप लावावं तसं. भागुबाई हसली, ‘काय पेरताय, आजी?’ अम्मा म्हणाली, ‘सगळी पाणी दर्यालाच जातात, बाय. इथं लागतील.’

गोडं पाणी! सातवी पास झालेली मी, मला कळत नव्हतं का? पण जीभ उचलली नाही. तीन दिवस बोटीत नि गाडीत त्या हाऱ्यावर पाणी शिंपडत आली होती बिचारी.

१९ मार्च

मेली. आ वासून पडली आहेत.

उजाडताच जाऊन दिसली तेवढी पदरात भरली आणि मागच्या उकिरड्यात पुरली. तिला दिसायला नको. भाकरी थापताना हाताला तोच वास. रडू आवरेना.

२४ मार्च

अम्मा दिवसभर घाटावर बसते. ‘ही ओसरते कधी गो?’ नाही ओसरत, अम्मा. नदी आहे ती.

जेवण म्हणजे दोन घास. ह्यांनी मोसंबी आणली, ती तशीच सुकली. ‘पुनवेला मला घरी पोचव.’ रोज हेच. कुठे पोचवू? तडकलेल्या चिखलात? हे म्हणतात, ‘होईल सवय.’ कसली सवय! ह्यांचं काय जातं बोलायला!

३१ मार्च

पुनव गेली. आता म्हणते, ‘अमावास्येला पोचव.’

७ एप्रिल

डॉक्टर बघून गेले. रोग काही नाही म्हणाले. मग रोज थोडी थोडी संपते आहे ती कशाने?

जेवायला बसली, आणि हात नाकाशी नेऊन हुंगला. ‘चिखलाचा वास गेला गो.’ ताट बाजूला सारलं. ही काही जगत नाही आता. मीच बोलावलं तिला, मीच इथे मारणार.

१३ एप्रिल

आज अमावास्या. सकाळपासून धास्तावले होते, आता गाठोडं बांधेल म्हणून. अम्मा दुपारी घाटावरून आली, लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. ‘एक जितं मिळालं.’

मी घाईने म्हटलं, ‘बघ! आपलं जगलं!’

‘खोटं कशाला बोलतेस? आपली मेली. पदरात भरून नेलीस ती मी वरच्या पायरीवरून बघितली. हे इथलं. काळं, लांबट. कधी बघितलं नव्हतं असलं.’

‘दाखव की!’

तिने रिकामा ओला हात पुढे केला.

‘लहान होतं. परत ठेवलं गाळात. पावसाळा सरला की बघू केवढं होतं ते. भात हाय का गो?’